यांच्या जिभेला पटेल असं हॉटेल

रविवार, ४ फेब्रुवारी

नव्या घरात येऊन आज नऊ दिवस झाले. अकरा खोकी अजून उघडायची आहेत आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या खोक्यात चाळणी आहे हे देव जाणे. पण वही हाताशी लागली, म्हणून लिहायला बसले. नव्या गावातली पहिली नोंद हॉटेलांची असावी, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

ठरलं होतं म्हणजे काय, एकतीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं. हे चहाच्या कंपनीत टी-टेस्टर. रोज सकाळी दीडशे-दोनशे कप ओळीने मांडलेले, एकेका कपातून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. एवढ्यावरून हे सांगणार की पान कुठल्या मळ्यातलं, किती दिवसांचं आणि वाळवताना कुठे घाई झाली. कंपनीचा प्रत्येक डबा यांच्या सहीने बाहेर पडायचा. अशी जीभ सांभाळायची म्हणजे घरात लसूण नाही, कच्चा कांदा नाही, मसाल्याचा ठसका नाही, वासाचा साबण नाही, केसांना वासाचं तेल नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी ही यादी मला वाचून दाखवली होती आणि शेवटी म्हणाले होते, "रिटायर झालो की तू म्हणशील तिथे जाऊ आणि तू म्हणशील ते खाऊ."

लोक म्हणायचे, कसं काय राहतेस बाई. मी म्हणायचे, मीठ-मिरीवर राहते आणि मजेत राहते. आमच्या वीज कंपनीच्या ऑफिसात कुणाच्या नवऱ्याच्या जिभेला एवढी किंमत होती?

आज पहिला मान बस थांब्याजवळच्या हॉटेलाला दिला. मी लसणाचा रस्सा मागवला. यांनी चमचा उचलला, अगदी कंपनीत उचलायचे तसा. तोंडात घोळवलं. मग म्हणाले, "इथल्या पाण्यातच दोष आहे." मला तर रस्सा बरा लागला होता, पण पाण्याचा दोष ओळखायला जीभही तशी लागते. दोन घास खाऊन यांनी ताट सारलं.

एक गोष्ट मनाला लागून आहे. तळमजल्यावर एक शिंपीकाका आहेत, त्यांच्याकडे यांच्या तीन पँटी कमरेत आत घ्यायला दिल्या. काका मापाची पट्टी धरून म्हणाले, "साहेब, या पँटी तुमच्याच ना?" वर्षभरात हे असे वाळले आहेत. या गावात एक तरी जागा सापडली पाहिजे जिथे हे पोटभर जेवतील. मी शोधून काढीनच.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

हॉटेल दुसरं, बाजारामागचं. "तेल जुनं." हॉटेल तिसरं, पुलाच्या पलीकडचं. "जीव नाही पदार्थात." दोन्हीकडे यांचे घास मोजून चार.

आज मी धाडस केलं. गुलाबाच्या वासाचा साबण आणला. आंघोळ करून मुद्दाम यांच्या खुर्चीजवळून गेले. एके काळी पाहुण्याच्या खिशातल्या वासाच्या रुमालावरून हे जेवणावरून उठले होते! आज पेपरातून डोकंही वर केलं नाही. रिटायर झाल्यावर माणूस किती मोठ्या मनाचा होतो बघा.

दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा दूध करपलं. जिन्यापर्यंत वास. हे शेगडीशेजारच्या खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होते. "अहो, दूध!" म्हटल्यावर एकदम दचकले. एवढी तंद्री! मन लावायचं म्हणजे असं लावायचं. मी नाही ओरडले. पातेलं घासायला मात्र पाऊण तास गेला.

शनिवार, १७ फेब्रुवारी

मध्ये चार दिवस नळाच्या कामात गेले, त्याचं काय लिहायचं.

हॉटेल चौथं आणि पाचवं. यांनी नवी पद्धत काढली आहे. ताट समोर आलं की म्हणतात, "आधी तू." मी घास घेते, आणि हे माझ्याकडे टक लावून बघत बसतात. मग स्वतः खातात. आयुष्यभर मी सगळ्यांना वाढून शेवटी बसलेली बाई. आता साठी जवळ आल्यावर कुणी "आधी तू" म्हणतंय आणि वर इतकं बघतंयही. मला लाजल्यासारखं झालं. पाचव्या हॉटेलातली वाढणारी बाईसुद्धा हसली.

आणखी एक नवल. आमची मतं आता तंतोतंत जुळतात. चौथ्या ठिकाणी मला मासा शिळा वाटला, आणि मी काही बोलायच्या आतच हे म्हणाले, "मासा ताजा नाही." पाचव्या ठिकाणी टोमॅटोचं सूप मला आवडलं, तर हे म्हणाले, "सूप जमलंय." एकतीस वर्षांच्या संसारात जिभेला जीभ लागली म्हणायची. एवढ्या मोठ्या टेस्टरबरोबर राहून थोडं तरी माझ्यात उतरलंच असणार.

सूप जमलेलं असूनही अर्धं टाकलं, ते का ते कळलं नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी

सापडलं! म्हणजे जवळजवळ सापडलं.

खिळे-पत्र्याच्या दुकानाच्या वर एक हॉटेल आहे. लाकडी जिना, आठ टेबलं, खिडकीत कुंड्या. मालकीणबाई चाळिशीच्या, पदर खोचून स्वतः भट्टीशी उभ्या असतात. मसूर, भाजलेली वांगी, भात आणि एक लसणाची भाजी आली. पहिल्याच घासाला मला वाटलं, हे खरं अन्न.

मालकीणबाई विचारायला आल्या तेव्हा मला राहवेना. सांगून टाकलं की हे कोण आहेत आणि कुठल्या कंपनीचे. टेबलाखालून यांनी माझ्या पायावर पाय दिला. इतका विनय! बाई तर उभ्याच राहिल्या. "मग साहेब, खरं सांगा. काय कमी आहे?"

यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुला काय वाटतं?" मास्तर फळ्याजवळ उभं करून विचारतात ना, तसं. मी घाबरत म्हटलं, "लसूण जरा कच्चा लागतोय. उशिरा घातला असावा." यांनी मान डोलावली आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, लसूण शेवटी पडलाय. आधी तेलात पडायला हवा होता."

मालकीणबाईंनी कानाची पाळी पकडली. "आज घाईत अगदी तसंच झालं हो!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. यांच्यासाठी चढलंच, पण थोडं स्वतःसाठीही. परीक्षा घेतली आणि मी पास झाले.

शनिवार, २ मार्च

आता दर एक-दोन दिवसांनी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, आम्ही खिळेवाल्यांच्या वरच्या हॉटेलात जातो. मालकीणबाई दोन-तीन पदार्थ छोट्या वाट्यांतून पुढे ठेवतात. हे मला विचारतात, मी उत्तर देते, हे निकाल सांगतात. अजून एकदाही मी नापास झालेली नाही. मागच्या वेळी मसुरात लिंबू कमी म्हणून सांगितलं होतं. आज मसूर पहिल्यापेक्षा दुप्पट खपतोय म्हणे. शिंपीकाकाही जाऊन आले. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, साहेबांची जीभ म्हणजे काही साधी नाही." मी पिशवी खाली ठेवून पाच मिनिटं त्यांना चहाच्या गोष्टी सांगितल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बाबा जेवतात का नीट?"

"जेवतात की. कमी जेवतात."

"चहा?"

"तो सोडलाय. म्हणतात, जन्मभर कामाचा म्हणून प्यायलो, आता गरम पाणीच बरं."

ती म्हणाली, "बाबांनी चहा सोडला आणि तुला त्यात काहीच वाटलं नाही? डॉक्टरला दाखव त्यांना."

तिचा स्वभावच घाबरट. पण फोन ठेवल्यावर मी कपाटातल्या त्या आत घेतलेल्या पँटी मोजून बघितल्या. पुन्हा दोन बोटं सैल झाल्या आहेत.

रविवार, १० मार्च

आज आमचं भांडण झालं. नीट लिहून ठेवते, म्हणजे चूक कुणाची ते मागाहून कळेल.

मालकीणबाईंनी शेजारची खोली घेतली आहे, आणखी सहा टेबलं बसतील. येत्या शनिवारी ती सुरू व्हायची. पंधरा-वीस लोक बोलावणार आणि नवे पदार्थ सगळ्यांसमोर आधी यांच्यापुढे ठेवणार. हे म्हणतील ते राहील, नाही म्हणतील ते जाईल. ते ऐकून हे पटकन म्हणाले, "छे छे, मला नाही जमणार." मी म्हटलं, "बाई, तुम्ही लक्ष देऊ नका. येतील ते. मी आणते त्यांना."

घरी येताच यांचा आवाज चढला. "माझ्या वतीने शब्द द्यायला तुला कुणी सांगितलं?" एकतीस वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता. मीही काही कमी नाही. म्हटलं, एवढी विद्या घेऊन खिडकीत बसून शब्दकोडी सोडवायची का? लोक विचारतात तोवर सांगावं माणसाने! हे बराच वेळ हाताची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "तू बाजूला बसशील?"

"आणखी कुठे बसणार?"

"अगदी शेजारी बस."

हा विनय आता जरा अति होतोय असं माझं स्पष्ट मत आहे.

शनिवार, १६ मार्च

काय लिहू. रागाने दोनदा कागद फाटला.

सगळं छान चाललं होतं. नवी खोली, पांढरे टेबलक्लॉथ, मी माझी निळी साडी नेसलेली. चार पदार्थ झाले, चारही निकाल बरोबर. लोक वाहवा करत होते. मालकीणबाई मला सारख्या खुणावत होत्या की बघा कसं रंगलंय.

शेवटी आलं अक्रोडाचं पुडिंग. ते केलं होतं मालकीणबाईंच्या सासूबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, पण हट्टाने स्वतःच्या हाताने केलेलं. त्या स्वतः वाटी घेऊन आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. "तू आधी घे गं," मला म्हणाल्या.

मी चमचा तोंडात घातला. अक्रोड खवट. साधे नाहीत, जुन्या तेलाच्या डब्यासारखे खवट. पण त्या म्हाताऱ्या माउलीचे डोळे माझ्यावर. मी सव्वीस वर्षं वीज कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीत बसले आहे. समोरचा काहीही बोलला तरी चेहऱ्यावर गोड हसू कसं ठेवायचं ते मला येतं. तेच हसू ठेवलं. गिळलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. मग चमचाभर खाल्लं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अप्रतिम! आजचा सर्वांत चांगला पदार्थ." आणि अख्खी वाटी संपवली.

वाट्या सगळीकडे गेल्या. हळूहळू बोलणं थांबलं. कुणीतरी खोकलं. एकाने रुमाल तोंडाला लावला. मालकीणबाईंनी एक घास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि वाट्या गोळा करायला लागल्या. सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? काय झालं गं?"

घरी येऊन दार लावल्यावर मी म्हटलं, "तोंडदेखलं बोललात तुम्ही. मी गोड हसले ते चाललं, मी साधी बाई. पण तुमची जीभ आजवर कुणासाठी खोटं बोलली नव्हती. माझ्या स्वयंपाकाबद्दलसुद्धा नाही. इतकी वर्षं मी कशाचा अभिमान धरला होता?"

हे खुर्चीत बसले ते बसलेच.

रविवार, १७ मार्च

सकाळी मी चहा केला, एकच कप. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काल काय झालं होतं पुडिंगला?" यांनी विचारलं.

"खवट होतं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

हे स्टुलावर बसले. "मला कळलं नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. मग चेहरा बघितला.

मग यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी मोठा ताप आला होता, त्यानंतर वास गेला. आधी वाटलं येईल. गोड, खारट, आंबट एवढं जिभेला कळतं, बाकी काही नाही. चहा म्हणजे गरम पाणी. लसूण, मासा, गुलाबाचा साबण, करपलेलं दूध, सगळं सारखंच. डॉक्टरला गुपचूप दाखवलं होतं. ते म्हणाले, येईल किंवा नाही येणार. कंपनीत तीन आठवडे रजा काढली आणि मग राजीनामा दिला. "माझ्या सहीने एकही चुकीचा डबा जायला नको होता," म्हणाले. "आणि त्या गावात प्रत्येक दुकानदार मला कप पुढे करायचा. म्हणून इथे आलो."

आणि मी सगळ्यांना सांगत होते की शिखरावर असतानाच उतरावं म्हणून यांनी नोकरी दोन वर्षं आधी सोडली.

"मग ते लसणाचं? माशाचं? लिंबाचं?"

"तू सांगत होतीस ना. नाहीतर तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. चांगलं लागलं की तुझी डावी भुवई वर जाते. बिघडलेलं असलं की तू आधी गिळतेस आणि मग पाण्याकडे बघतेस. 'आधी तू' म्हणायला लागल्यापासून एकदाही चुकलो नाही. काल तू असा चेहरा केलास, जो मी कधी बघितलाच नव्हता."

तो खिडकीचा चेहरा. सव्वीस वर्षांत मी तो एकदाही घरी आणला नव्हता.

मी रागावले. खूप रागावले. दीड वर्ष माणूस शेजारी बसून भुकेला राहतो आणि सांगत नाही? मला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? मी कप आपटला, त्याचा कान तुटला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या गुलाबाच्या साबणाचा वास येत होता, त्याने आणखी रडू आलं.

दुपारी भांडी घासताना एकेक आठवायला लागलं. मसुरातलं लिंबू. लसूण. शिळा मासा. ते सगळं मीच पकडलं होतं? हातातला पेला तसाच धरून मी उभी राहिले.

सोमवार, १८ मार्च

मी म्हटलं होतं, आपण जाऊन माफी मागू आणि पोट बिघडलं होतं असं सांगू. हे म्हणाले, "नाही. खरं सांगायचं आणि मीच सांगायचं." इस्त्रीचा शर्ट घातला. जिन्यावर मात्र माझा हात धरला होता.

हॉटेल रिकामं होतं. मालकीणबाई भाजी निवडत होत्या, सासूबाई खिडकीशी. यांनी उभ्यानेच सांगितलं. आडपडदा नाही. टेस्टर होतो, आता नाही, वास येत नाही, तुम्हाला फसवलं, त्यात हिचा दोष नाही. मी जमिनीकडे बघत होते, पण कान यांच्या आवाजाकडे. आवाज कुठेही कापला नाही. कंपनीने यांचा सत्कार केला होता तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. शपथेवर लिहिते.

मालकीणबाईंनी विचारलं, "मग लसूण कुणी पकडला?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी नुसता वाचून दाखवत होतो. जीभ हिची आहे."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आणि माझं पुडिंग? त्याचं खरं कुणी सांगेल का आज?"

मी गेले, त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "आजी, अक्रोड खवट होते."

त्यांनी डोळे मिटले. "तरी मला वाटलंच. मला सहा वर्षं वास येत नाही बाई. म्हणून प्रत्येकाला विचारते, आणि प्रत्येक जण छान म्हणतो." मग यांच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला किती झालं?"

"दीड वर्ष."

"सवय होत नाही हो. लोक सांगतात होते म्हणून. खोटं."

हे त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. दोघं बराच वेळ बोलत होती, काय ते मी ऐकलं नाही. मालकीणबाईंनी मला आत नेलं आणि अक्रोडाचा डबा माझ्यापुढे उघडला. नवीन आणलेला. मी एक चावला आणि म्हटलं, "हे चालतील." एवढंच. पण कुणालाही न विचारता म्हटलं.

शनिवार, २३ मार्च

आज मुद्दाम उशिरा, सगळे जेवून गेल्यावर गेलो. आम्ही दोघंच.

मी मालकीणबाईंना वाट्या नको म्हटलं, ताटं वाढा म्हटलं. मसूर, भात, लसणाची भाजी. हे नेहमीसारखे थांबले आणि माझ्या भुवईकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघू नका. मी सांगते. तुम्ही खात राहा."

सुरुवातीला शब्दच सुचेनात. चांगलं आहे, मऊ आहे, यापुढे गाडी जाईना. हे म्हणाले, "कंपनीत आम्ही असं लिहिलं असतं तर घरी पाठवलं असतं." मग मी डोळे मिटले. लसूण आधी तीळभर चटका देतो, सांगितलं, आणि चावल्यावर गोड होतो, अगदी तळाला गोड. तो नाकात चढतो आणि मागे राहतो. मसुराला ओल्या मातीचा थोडा वास आहे, लिंबाने तो वर उचललाय. भाताला काहीच नाही, तो नुसता सगळ्यांना जागा देतोय. भाजीच्या तव्याला लागलेल्या कडेला धुराचा कडूपणा आहे, तो मला आवडला, एकतीस वर्षं नव्हता म्हणून जास्तच आवडला.

"थांब," हे म्हणाले. "लसणाचं परत सांग."

मी परत सांगितलं. यांनी लसणाची एक अख्खी पाकळी उचलून तोंडात टाकली आणि मी बोलत होते तोवर ती चावत राहिले. मग भात कालवला. मग मसूर. मी सांगत गेले आणि हे जेवत गेले. केव्हातरी मला दिसलं की यांच्या ताटाचं बूड दिसायला लागलंय. मी गप्प झाले. या गावात यांचं रिकामं ताट मी बघितलंच नव्हतं.

यांनी ताट उचललं आणि भट्टीकडे वळून म्हणाले, "बाई, अजून वाढा. हिचं सांगून व्हायचंय."